मुंबई पन्नास मिनिटांवर, तिकिटावर दीड तास

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपुरातल्या सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर अंतर भरतं साधारण 680 किलोमीटर. रेल्वेनं हेच 837 होतं. जेट विमान एकदा उंचीवर पोचलं की ताशी 800 किलोमीटरच्या आसपास धावतं. म्हणजे हिशेबानं पन्नासेक मिनिटांत मुंबई. मग तिकिटावर दीड तास काहून लिहिलेला असतो बाप्पा?

कारण तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं, की घड्याळ सुरू. मुंबईत जागेवर उभं राहिलं, की बंद. आपली धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे. वारा आग्नेयेचा असला, तर विमान आग्नेयेलाच तोंड करून उडतं आणि मग वळसा घेऊन पश्चिमेला लागतं. चढताना वेग कमी, उतरताना आणखी कमी.

आणि मुंबई! तिथं धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण एकमेकींना छेदून जातात; एका वेळी कामाला येते ती बहुतेक एकच. मग विमानं वरच घिरट्या घालतात. खिडकीतून तोच डोंगर पुन्हा दिसला, तर समजावं, आपला नंबर अजून लागायचा आहे. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून वेळापत्रक आधीच सैल ठेवतात. ‘पायलटनं वीस मिनिटं आधी पोचवलं’ असं आपण घरी कौतुकानं सांगतो. ती वीस मिनिटं बहुतेकदा वेळापत्रकातच टाकलेली असतात.

मुंबई 680, दिल्ली साधारण 850, चेन्नई नऊशेच्या वर, कोलकाता हजाराच्या किंचित आत. या आकड्यांचा आपल्या गावानं एकदा फार सुरेख उपयोग करून दिला. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. चारही महानगरांतून डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन रात्री निघायची, मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. डाकोटाचा वेग आजच्या जेटच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तरी जमायचं, कारण नागपूर मधोमध.

आता वाऱ्याचं. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो ताशी शंभर किलोमीटर धरला, तर कोलकात्याला जाताना विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग नऊशे होतो, परतताना सातशे. अंतर तेच, फरक पंधरा-वीस मिनिटांचा. तेव्हा डिसेंबरात तिकडून येणाऱ्या पाहुण्याला घ्यायला वर्धा रोडनं निघाल, तर जातानाच्या वेळेवरून अंदाज बांधू नका. त्याच्या येतानाच्या तिकिटावरची वेळ विचारून घ्या.