तीन तारांमधला आवाज: सुपर फॅमिकॉमसाठी घरी बनवलेला डॅक

(दृश्य: टेबलावर उलटं ठेवलेलं करडं मशीन. स्क्रू निघताहेत.)

क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीने 21 नोव्हेंबर 1990 रोजी जपानात विकायला काढलेलं हे टीव्ही गेमचं मशीन, सुपर फॅमिकॉम. पुढच्या वर्षी अमेरिकेत ते सुपर निन्टेन्डो या नावाने गेलं. याचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाहीत, त्यांना वेगळं टोक लागतं. तेवढं हाताशी असलं की झाकण उघडणं सोपं. आज याला बाहेरून डॅक लावायचा, म्हणजे आवाजाच्या आकड्यांचा व्होल्टेज करणारी चिप.

सुरुवातीच्या मशीनमध्ये आवाजाची सगळी यंत्रणा एका वेगळ्या बोर्डावर, पत्र्याच्या डबीत बंद असायची. मशीन निन्टेन्डोचं, पण या डबीतलं डोकं सोनीचं. सोनीतले अभियंते केन कुतारागी यांनी ही ध्वनियंत्रणा तयार केली, तीही वरिष्ठांना अंधारात ठेवून. हे उघडकीला आलं तेव्हा कंपनीत बरीच आदळआपट झाली. सोनीचे तेव्हाचे अध्यक्ष नोरिओ ओगा पाठीशी उभे राहिले म्हणून कुतारागींची नोकरी वाचली. पुढे प्लेस्टेशन उभं केलं ते यांनीच.

(दृश्य: बोर्ड जवळून. चिपवर बोट.)

आवाजासाठी इथे स्वतंत्र 8 बिटचा प्रोसेसर आहे, 64 किलोबाइट मेमरी आहे आणि आठ आवाज एका वेळी वाजवणारी डीएसपी चिप आहे. बासरी, ढोल, तलवारीचा खणखणाट, सगळ्यांचे नमुने त्या 64 किलोबाइटमध्ये कोंबायचे. म्हणून ते दाबून ठेवलेले असतात: आवाजाच्या 16 आकड्यांना फक्त 9 बाइट. डीएसपी ते उलगडते, सूर वरखाली करते, प्रतिध्वनी मिसळते आणि सेकंदाला सुमारे 32 हजार वेळा डाव्या-उजव्या कानासाठी 16 बिटचा एकेक आकडा बाहेर टाकते.

आपलं काम इथे सुरू होतं. कारण इथपर्यंत आवाज म्हणजे नुसते आकडे आहेत आणि ते तीन तारांवरून जातात. एका तारेवर आकड्यांचे बिट, दुसरीवर प्रत्येक बिटाचा ठोका, तिसरीवर आत्ता डावा चालू आहे की उजवा याची खूण. पुढे बसलेली एनईसीची छोटी चिप या आकड्यांचा व्होल्टेज करते. तिलाच डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर म्हणायचं, म्हणजे डॅक. तिच्या पुढे अ‍ॅम्प्लिफायर, मग मागचं सॉकेट, मग टीव्ही.

आकड्यांना घरघर लागत नाही. घरघर लागते ती व्होल्टेज झाल्यावर, त्याच बोर्डावरून चित्राचे सिग्नल आणि वीज धावत असते म्हणून. तीस वर्षं जुने कपॅसिटर त्यात भर घालतात. तेव्हा त्या तीन तारांना टाके घालायचे, आकडे बाहेर आणायचे आणि व्होल्टेज दुसरीकडे, स्वच्छ जागी करायचा. घरगुती डॅकचा उद्देश एवढाच.

(दृश्य: हातात आठ पायांची चिप. शेजारी रेझिस्टरचा ढीग.)

घरगुती म्हटलं की कुणाला वाटतं, रेझिस्टरची शिडी हाताने रचावी. आर-टू-आर म्हणतात ती रचना: दोनच किमतींचे रेझिस्टर, प्रत्येक बिटाला व्होल्टेज निम्मा. आठ बिटांपर्यंत हा खेळ जमतो. सोळा बिटांना मात्र 65,536 पायऱ्या होतात. दोन व्होल्टचा पल्ला धरला तर एक पायरी साधारण 30 मायक्रोव्होल्टची. सगळ्यात वरच्या बिटाचा रेझिस्टर एक टक्का जरी चुकला तरी खालच्या कितीतरी बिटांना अर्थ उरत नाही. दुकानात सुटे मिळणारे रेझिस्टर मुळातच एक टक्का इकडेतिकडे असतात. म्हणून शिडी चिपमधलीच घ्यायची. हे खरं घरगुती नव्हे असं म्हणणाऱ्यांनी एकदा सोळा बिटांची शिडी जुळवून बघावी.

आम्ही निवडली पीटी8211. स्वस्त, आठ पायांची, पाच व्होल्टवर चालणारी. मशीनचे सिग्नलही पाच व्होल्टचेच, त्यामुळे मध्ये काही लागत नाही. पीसीएम5102 सारखी नवी चिप घेतली तर ती 3.3 व्होल्टची. पाच व्होल्ट थेट दिले तर ती जळू शकते, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा लेव्हल शिफ्टर हवा.

(दृश्य: ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तीन रेषा.)

आता घोळ कुठे होतो ते बघा. तारा तीनच, पण बिट कुठून मोजायचे यावर दोन घराणी आहेत. फिलिप्सने 1986 साली आयटूएस ही पद्धत ठरवली. डावा-उजवा बदलल्यावर एक ठोका सोडायचा आणि लगेच सगळ्यात मोठ्या बिटापासून मोजायला लागायचं. जपानी चिपांची पद्धत वेगळी. तिथे सोळा बिट शेवटाला चिकटलेले असतात, त्यांच्या आधीचे ठोके रिकामे. रेल्वेगाडीचे डबे इंजिनाकडून मोजायचे की गार्डाकडून, एवढाच फरक, पण चुकीच्या टोकाकडून मोजलं तर भलत्याच डब्यात चढाल. आयटूएसवाली चिप या मशीनला लावली तर गाण्याऐवजी कर्कश खरखर येते आणि माणूस टाके तपासत बसतो. पीटी8211 गार्डाकडून मोजते. डावा-उजवा उलटा आलाच तर बाहेरच्या दोन तारा बदलल्या की झालं.

गंमत म्हणजे सीडी सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून काढलेली. सुपर निन्टेन्डोला सीडी जोडण्याचा करार आधी सोनीशी झाला होता. 1991 साली सोनीने तो जाहीर केला आणि लगेच निन्टेन्डो फिलिप्सकडे वळली. त्या भांडणातून प्लेस्टेशन जन्माला आलं. फिलिप्सचीच टीडीए1543ए ही चिप जपानी पद्धतीने बिट वाचते आणि सोनीच्या या तीन तारांवर चालते. कंपन्यांचं फाटलं, चिपांचं जमतं.

(दृश्य: व्हेरो बोर्डावर सोल्डरिंग.)

चिपपेक्षा जास्त विचार करायचा तो पुढच्या फिल्टरचा. सीडीचा वेग सेकंदाला 44,100 नमुने. तिथे डॅकमधून निघणारी खोटी प्रतिबिंबं 22 किलोहर्ट्झच्या वर राहतात, कानाला त्यांचा पत्ता नसतो. इथे वेग 32 हजार, म्हणून प्रतिबिंबं 16 किलोहर्ट्झपासूनच सुरू होतात. 15 किलोहर्ट्झच्या सुराची सावली 17 वर पडते आणि तरुण कानाला ती ऐकू येते. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्याने ती पुरेशी दबत नाही. आम्ही ऑप-अँप नावाची अ‍ॅम्प्लिफायर चिप घेऊन दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे जास्त तीव्र उताराचा फिल्टर केला. शिवाय अशा साध्या डॅकमध्ये 16 किलोहर्ट्झला आवाज जवळजवळ चार डेसिबलने आपोआप खाली येतो, म्हणून फिल्टर फार खाली लावला तर झांजा मेल्यासारख्या वाटतात.

बाकीचं शिस्तीचं काम. तारा आखूड, ग्राउंडची तार सिग्नलच्या सोबत, डॅकला वीज स्थिर ठेवणारा वेगळा रेग्युलेटर आणि चिपच्या पायाला लागूनच कपॅसिटर. लोक डॅक चिपवर हजारो रुपये घालतात आणि वीज मशीनच्या त्याच गढूळ पाच व्होल्टवरून घेतात. आमच्या मते पैसे उलट्या जागी जातात.

(दृश्य: हेडफोन. खेळाचं संगीत सुरू.)

मग फरक काय पडतो? शांत जागा शांत होतात. चित्र बदलताना मागे येणारी कुरकुर जाते. पण या मशीनचा तो ओळखीचा मऊ, किंचित दबलेला सूर तसाच राहतो. तो डॅकमुळे नव्हताच. नमुन्यांच्या मधल्या जागा भरताना डीएसपी त्यांच्या कडा घासून गुळगुळीत करते, आणि ते आकड्यांमध्येच घडलेलं असतं. महागड्या डॅकने तो पडदा उठेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे नव्वदीत घरोघरी होता तो वेगळाच टीव्ही गेम, निन्टेन्डोच्याच आधीच्या फॅमिकॉम मशीनची नक्कल. त्याला असा डॅक लावता येईल का, हे प्रेक्षक विचारतीलच. नाही येणार. त्यात आवाज मुख्य चिपमधूनच व्होल्टेज होऊन बाहेर पडतो, टाके घालायला आकड्यांची तारच नाही. बऱ्याच नकलांमध्ये तर ती चिप काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली गाडलेली असते.

(दृश्य: मशीनवर सुपर गेमबॉयचं काडतूस बसवलं जातं.)

सुपर फॅमिकॉमवरही एक अपवाद आहे. काही काडतुसं, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या कॅसेट, स्वतःचा आवाज स्वतःच तयार करतात आणि तो थेट व्होल्टेजच्या रूपात, डॅकच्या पुढे मिसळतात. 1994 चा सुपर गेमबॉय त्यातलाच, निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेमबॉयचे खेळ या मशीनवर चालवणारा. आमच्या तीन तारांवर गेमबॉयचं संगीत येतच नाही, नव्या जॅकमध्ये त्याचा मागमूस नसतो. म्हणून जुनी एनईसीची चिप आम्ही काढली नाही, तिच्या तारा तोडल्या नाहीत. मागचं मूळ सॉकेट चालू ठेवलंय. सुपर गेमबॉय लावला की हेडफोनची पिन तिकडे.