आपलं सॉफ्टवेअर आपल्याबरोबर

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या संगणक कक्षात तास घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक चौकट कधी ना कधी येतेच. व्हिडिओ दाखवायचा असतो आणि तो चालत नाही. चालवणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला जावं, तर पडद्यावर विचारणा होते : ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. पासवर्ड ज्यांनी घातला ते सर बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले असतात. समोर वर्ग भरलेला, तास पस्तीस मिनिटांचा, आणि त्यातली दहा इथंच जातात.

यावर एक साधा उपाय आहे. तो फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आज त्यावरच बोलते. सुतार कामावर येतो तेव्हा रंधा आणि करवत घरमालकाकडे मागत नाही, स्वतःची पिशवी घेऊन येतो. शिक्षकानंही आपली साधनं आपल्याबरोबर न्यावीत. इन्स्टॉल न करता चालणारी, पेन ड्राइव्हवर राहणारी सॉफ्टवेअर आज भरपूर आहेत, बहुतेक फुकट आहेत, आणि त्यांना पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणतात.

यांचं काम कसं चालतं ते आधी समजून घेऊ. नेहमीचा प्रोग्राम इन्स्टॉल करताना तो एका जागी राहत नाही. त्याच्या फाइली विंडोजच्या सामाईक फोल्डरांमध्ये जातात आणि सेटिंग्जची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत होते. या जागा त्या संगणकावर बसणाऱ्या सगळ्यांच्या असतात, म्हणून तिथं लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. पोर्टेबल प्रोग्राम आपल्या सगळ्या फाइली आणि सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. फोल्डर उचलला की प्रोग्राम उचलला. फोल्डर पुसला की प्रोग्राम गेला, मागं काही उरत नाही. आणखी एक अडचण त्यांना सोडवावी लागते. तुमचा पेन ड्राइव्ह एका मशीनवर ‘ई’ या अक्षरानं दिसतो, दुसऱ्यावर एफ, तिसऱ्यावर जी. त्यामुळे चांगला पोर्टेबल प्रोग्राम आपल्या फाइलींचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरावरून शोधत नाही, ‘मी जिथं आहे तिथून पुढं’ असा शोधतो.

पेन ड्राइव्ह बाजारात आला २००० साली. सुरुवातीच्या ड्राइव्हची क्षमता होती ८ एमबी. आज हसू येईल, पण १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुढं ती मोठी होती. चार वर्षांनी, २००४ मध्ये, जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स हा ब्राउझर पेन ड्राइव्हवरून चालेल असा करून दाखवला. त्या कामातून पुढं पोर्टेबलॲप्स हा संग्रह उभा राहिला. आज तिथं शेकडो प्रोग्राम आहेत, आणि एका छोट्या मेनूतून ते उघडता येतात, अद्ययावत करता येतात.

आता वर्गात येऊ. मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते झूमइट. हे मार्क रुसिनोविच यांनी स्वतःच्या व्याख्यानांसाठी लिहिलं. त्यांचा सिसइंटर्नल्स हा साधनसंच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतला आणि तिथून झूमइट मोफत मिळतं. एकच लहानशी फाइल आहे. कंट्रोल आणि १ दाबा, पडदा मोठा होतो. नकाशातला सह्याद्रीचा एखादा घाट किंवा एक्सेलमधला बारीक आकडा शेवटच्या बाकापर्यंत दिसतो. कंट्रोल आणि २ दाबा, पडद्यावरच लिहिता येतं. आर दाबलं की लाल, जी दाबलं की हिरवा, बी दाबलं की निळा. शिफ्ट धरून ओढलं की रेघ सरळ येते, कंट्रोल धरून ओढलं की चौकोन. के दाबलं की सगळा पडदा काळा फळा होतो. कंट्रोल आणि ३ दाबलं की मोठ्या आकड्यात उलटी मोजणी सुरू होते, नेमलेली वेळ दहा मिनिटांची, ती बाणाच्या कळीनं कमी-जास्त करता येते. गटकार्य देताना ही मोजणी लावून बघा. ‘बाई, किती वेळ राहिला?’ हा प्रश्न बंद होतो आणि मुलं आपापलं काम वाटून घ्यायला लागतात. एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी : झूमइट इन्स्टॉल करावं लागत नाही, पण आपल्या सेटिंग्जची नोंद ते रजिस्ट्रीत करतं. म्हणजे माग न ठेवणारं ते नाही. वर्गासाठी याचा त्रास काही नाही.

दुसरं व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून १९९६ मध्ये याची सुरुवात झाली. हे बहुतेकांना व्हिडिओ बघायचं साधन म्हणून माहीत असतं. विज्ञानाच्या तासाला मात्र ते प्रयोगशाळेचं उपकरण होतं, आणि हे मी जरा सविस्तर सांगते, कारण दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे.

भिंतीला मोजपट्टी चिकटवा. वरून शून्यापासून खाली मोजता येईल अशी. शून्याशी चेंडू धरा आणि सोडा. एका मुलीनं मोबाइल स्टुलावर स्थिर ठेवून, भिंतीसमोर, हे चित्रित करायचं. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चित्रं घेतो. ती फाइल व्हीएलसीत उघडा, थांबवा आणि ई ही कळ दाबत जा. प्रत्येक वेळी चित्र एकच पाऊल पुढं सरकतं. चेंडू सुटल्याचं चित्र मुलांनाच ओळखू द्या आणि तिथून मोजा. तीन चित्रांनंतर, म्हणजे ०.१ सेकंदानं, चेंडू सुमारे ५ सेंटिमीटर खाली आलेला असतो. सहा चित्रांनंतर सुमारे २०. नऊ चित्रांनंतर सुमारे ४४. बारा चित्रांनंतर सुमारे ७८. आता हे आकडे फळ्यावर मांडा : पाच, वीस, चव्वेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. वेळ दुप्पट झाली तर अंतर चौपट, तिप्पट झाली तर नऊपट. पुस्तकातलं सूत्र मुलांच्या हाती त्यांच्याच चेंडूतून येतं. चेंडू थोडा पुसट दिसेल, एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडेल. पडू द्या. तो फरक का पडला यावर अर्धा तास बोलता येतं, आणि ते बोलणंही विज्ञानच आहे.

यातलं एकही साधन फक्त याच कामासाठी बनलेलं नाही, आणि मला हेच त्यांचं मोल वाटतं. शैक्षणिक म्हणून विकलं जाणारं महागडं पॅकेज त्याच्या रचनेबाहेर जाऊ देत नाही. साधी हत्यारं शिक्षकाला स्वतःचा पाठ रचू देतात.

शिकवण्याइतकाच वेळ कागदांत जातो हे माझ्या शिक्षक श्रोत्यांना सांगायला नको. उपक्रमाचे फोटो अपलोड करायचे, मोबाइलचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा, आणि पोर्टल म्हणतं फाइल लहान हवी. इथं इरफानव्ह्यू कामी येतं. बोस्नियातल्या यायत्से गावच्या इरफान श्किल्यान यांनी ते लिहिलं, १९९६ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं, आणि शिक्षणसंस्थांना आजही विनामूल्य आहे. उघडून बी ही कळ दाबा. सगळे फोटो एकदम निवडा, लांब बाजू १२८० पिक्सेल करा, नवं फोल्डर सांगा. शंभर फोटो काही मिनिटांत लहान होतात, मूळ फोटोंना धक्का लागत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी एनएपीएस-टू घ्या. स्कॅनरवरून आलेली पानं ते एका पीडीएफमध्ये बांधतं, क्रम बदलू देतं, तिरकं पान सरळ करतं. त्यात मराठीचं ओसीआर जोडता येतं, म्हणजे छापील पानावरचा मजकूर शोधता येण्याजोगा होतो. ही भाषेची फाइल घरी नेट असतानाच उतरवून ठेवा. पीडीएफ वाचायला सुमात्रा, झिप फाइली उघडायला सेव्हन-झिप, आवाज ध्वनिमुद्रित करायला ऑडॅसिटी. कवितावाचन मुलांनी एकदा स्वतःच्या आवाजात ऐकलं की उच्चार किती सुधारतात ते अनुभवूनच बघा.

मराठी मजकुराबद्दल एक सूचना. युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण तो फॉन्ट तिथं नसतो. पेन ड्राइव्हमध्ये सॉफ्टवेअर नेऊन हा प्रश्न सुटत नाही. युनिकोडमध्येच लिहा. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासून असतो, आणि २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून उच्चारानुसार टंकायचा मराठी कळफलकही आला आहे. फॉन्ट वेगळा हवाच असेल तर लिब्रेऑफिस या लेखन-हिशोबाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, फॉन्ट दस्तऐवजातच बांधून टाकायची सोय आहे.

आता काळजीचा भाग, आणि इथं मी कडक बोलणार आहे. पेन ड्राइव्ह ज्या वाटेनं साधनं नेतो त्याच वाटेनं व्हायरस नेतो. २००८ मध्ये पसरलेला कॉन्फिकर पेन ड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही फिरला. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हचं हे आपोआप चालणं बंद केलं गेलं, जुन्या विंडोजसाठी २०११ मध्ये तशी सुधारणा आली. तरी फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसण्याचा प्रकार आपल्याकडे अजून दिसतो. फोल्डरच्या चिन्हाखाली छोटा बाण दिसला तर त्यावर क्लिक करायचं नाही. आधी अँटिव्हायरसनं तपासायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं : झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला हा पेन ड्राइव्ह कधीही देऊ नका. तिथं दिवसभर शेकडो ड्राइव्ह लागतात. प्रिंटसाठी वेगळा, स्वस्तातला ठेवा, त्यावर फक्त पीडीएफ.

सॉफ्टवेअर उतरवायचं ते लिहिणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरून. शोध घेतल्यावर वर येणारं, मोठं हिरवं डाउनलोड बटण पुष्कळदा जाहिरातीचं असतं. ‘पोर्टेबल फोटोशॉप’ म्हणून पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरणारी फाइल चोरीची असते आणि तिच्यात कुणी काय मिसळलं ते कळायला मार्ग नसतो. मुलांसमोर ती वापरणं मला मान्य नाही. चित्रांच्या कामाला गिम्प आहे, क्रिटा आहे, दोन्ही मुक्त आहेत आणि दोन्हींच्या पोर्टेबल आवृत्त्या मिळतात. गिम्प, लिब्रेऑफिस, ऑडॅसिटी शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं मराठी निवेदनाचे छोटे व्हिडिओ केले आहेत. उतरवून ते त्याच ड्राइव्हवर ठेवता येतात.

मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. पासवर्ड चुकवायची ही पळवाट नाही. बँकेत किंवा सरकारी कचेरीत जिथं बाहेरचा प्रोग्राम चालवायला मनाई आहे तिथं तो चालवायचा नाही. शाळेत परवानगी मिळाली की आणखी एक सोय करा : फोल्डर पेन ड्राइव्हवरून थेट न चालवता डेस्कटॉपवर कॉपी करून चालवा. स्वस्त पेन ड्राइव्ह छोट्या-छोट्या फाइली वाचताना फार रेंगाळतो, डेस्कटॉपवरून तोच प्रोग्राम चटकन उघडतो. तास संपला की फोल्डर पुसा. कक्षातली मशीन जुनी असतील तर ३२ बिटची आवृत्तीही जवळ असू द्या.

शेवटचं साधन नेट नसलेल्या शाळांसाठी. किविक्स नावाचा प्रोग्राम आहे, झिप उघडली की चालतो. त्याच्या झिम नावाच्या फाइलीत अख्खा विकिपीडिया मावतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या आसपास जातो, म्हणून आपण घ्यायचा तो मराठी, आटोपशीर. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असली तर फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला ड्राइव्ह ती घेणार नाही. एक्सफॅट निवडा, आणि फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या. किविक्समध्ये स्थानिक सर्व्हरची सोय आहे. एका मशीनवर तो सुरू केला की कक्षातली बाकीची मशीनं ब्राउझरमधून तोच विकिपीडिया वाचू शकतात, बाहेरचं नेट नसतानाही. त्यासाठी मशीनं एकमेकांना नेटवर्कनं जोडलेली हवीत. पहिल्यांदा विंडोजची फायरवॉल परवानगी मागेल, तिथं मात्र तो ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. तेवढ्यासाठी बदली झालेल्या सरांना एक फोन करा, आणि पासवर्ड कळला की तो शाळेच्या नोंदीत, मुख्याध्यापकांच्या ताब्यात, लिहून ठेवा.

नमस्कार.