दोन ठोक्यांमधली जागा: फिंगर्स इंक.चा ‘अनदर साइड’ ऐकताना
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय आहे शिकागोच्या फिंगर्स इंक. या तिघांच्या हाउस गटाचा ‘अनदर साइड’, म्हणजे ‘जॅक ट्रॅक्स’ या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने 1988 साली काढलेला दोन तबकड्यांचा अल्बम. शिकागो, तिथला वेअरहाउस क्लब, त्याचा डीजे फ्रँकी नकल्स, डिस्को संगीताविरुद्धचा 1979 चा तो गोंधळ, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: या अल्बममधली आर्तता गायकाच्या गळ्यात आहेच, पण तितकीच ती मोकळ्या सोडलेल्या जागांमध्ये आहे. ते मी आज सिद्ध करून दाखवणार आहे. पण त्याआधी जरा प्लास्टिकबद्दल बोलू द्या.

हो, प्लास्टिकच. हाउस, म्हणजे शिकागोच्या क्लबांमधून आलेलं यंत्रांच्या ठेक्यावरचं नृत्यसंगीत, ही नुसती ठोकाठोक आहे, असं आजही सर्रास म्हटलं जातं. याला निम्मी जबाबदार कानाची सवय असेल, तर निम्म्या जबाबदार त्या काळच्या तबकड्या. लॅरी हर्ड, म्हणजे या गटाचा कणा. त्याचं ‘कॅन यू फील इट’ 1986 मध्ये शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सने काढलं (ही कंपनी ‘जॅक ट्रॅक्स’हून वेगळी). ट्रॅक्सच्या लॅरी शर्मनचा स्वतःचा तबकड्या छापण्याचा कारखाना होता, आणि तिथं जुन्या, न खपलेल्या तबकड्या दळून त्याच मालातून नव्या काढल्या जात. जुन्या ट्रॅक्स तबकड्यांची खरखर जगभरातल्या संग्राहकांना तोंडपाठ आहे.

विनाइल, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, पुन्हा वापरणं हा काही गुन्हा नाही. छापताना कडेला जो जादा माल बाहेर येतो तो चांगल्या कारखान्यातही बेतानं परत मिसळतात. पण तबकडी दळायची तर आधी मधलं कागदी लेबल कापून काढावं लागतं. ते राहिलं की कागदाचे कण मालात जातात. विनाइल वितळतं, कागद वितळत नाही. तो कण खाचेत जिथं बसतो तिथं सुई आपटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. दुसरं म्हणजे, निरनिराळ्या जातीचा माल एकत्र आला की साच्यात तो सारखा पसरत नाही. खाच पूर्ण भरत नाही आणि कापड फाटल्यासारखी ‘खर्र’ ऐकू येते. तिसरं, घाईत तबकडी साच्यातून गरम असतानाच काढली की ती वाकते.

आता विचार करा, यात नुकसान कुणाचं होतं? सगळी वाद्यं एकदम कल्लोळ करत असतील तर ती ‘टक्’ त्यात बुडून जाते. पण ज्यानं दोन ठोक्यांच्या मधली जागा मुद्दाम रिकामी ठेवली, त्याच्या संगीतात ती ‘टक्’ नेमकी तिथंच ऐकू येते. हर्डनं जे राखलं होतं तेच बिघडलं.

पैशाचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी 2020 मध्ये ट्रॅक्सवर दावा लावला. 2022 मध्ये तडजोड झाली आणि त्यांच्या गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. 1986 ते 2022. तुम्हीच मोजा.

जाता जाता एक खुलासा. ‘कॅन यू फील इट’वर ‘इन द बिगिनिंग देअर वॉज जॅक’ असं प्रवचन ऐकू येणारी जी आवृत्ती फिरते, त्यातला आवाज चक रॉबर्ट्सचा. तो रिदम कंट्रोल या गटाच्या 1987 च्या रेकॉर्डवरून घेऊन नंतर जोडलेला आहे. मूळ रचनेत शब्दच नाहीत आणि तिला त्यांची गरजही नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्द्यावर येतो.

हर्ड आधी ड्रमर होता. बँडमध्ये त्याच्या सुरांच्या कल्पनांना जागा मिळेना, म्हणून तो बाहेर पडला आणि सिंथेसायझर घेऊन घरीच बसला. ‘कॅन यू फील इट’ दोन यंत्रांवर उभं आहे: रोलंड कंपनीचा ज्युनो-60 हा सिंथेसायझर आणि टीआर-909 हे ड्रम वाजवणारं यंत्र. 909 मध्ये उघडी हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) वाजत असताना बंद हॅट आली की उघडीचा आवाज जागच्या जागी तुटतो. खऱ्या ड्रमरनं पाय दाबला की हेच होतं. हे तुटणं कुठं घडवायचं ते ड्रमरलाच कळतं.

ज्युनोवर एका वेळी सहाच सूर वाजतात. चार सुरांचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे चार सूर, धरा आणि तो सोडल्यावर हळूहळू विरेल असा लावा. तो विरत असतानाच दुसरा चार सुरांचा कॉर्ड वाजवला, तर यंत्राकडे दोनच सूर शिल्लक असतात. उरलेले दोन ते आधीच्या कॉर्डमधून काढून घेतं. म्हणजे जुन्यातले दोन सूर तुटतात आणि दोन नव्याच्या अंगावर रेंगाळत राहतात. त्यात भर ज्युनोवरच्या ‘कोरस’ नावाच्या बटणाची: आवाज रुंद होतो आणि मागं हलकीशी सळसळ येते. ही सळसळ काढून टाका, बघा काय उरतं ते.

आणि ओवेन्स. तो ओरडत नाही. विलंबित ख्यालात तबलजी साधा ठेका धरून राहतो आणि गायक त्यावर निवांत फिरतो, तसा तो ‘मिस्टरीज ऑफ लव्ह’मध्ये फिरतो. ‘नेव्हर नो मोअर लोनली’मध्ये त्याचा आवाज अगदी कानाशी येतो. ‘ब्रिंग डाउन द वॉल्स’ नाचायचं आहे, पण शब्दांकडेही लक्ष द्या. तिसरा सभासद रॉन विल्सन, त्याच्याविषयी आज वेळ नाही, क्षमस्व.

ऐकायचं कसं? फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचे सूर येतच नाहीत, मग ठोका राहतो आणि बेस जातो. एकाच डब्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर कोरसचा पसारा आक्रसतो. साधे वायरवाले हेडफोन उत्तम. ‘बेस बूस्ट’ बंद करा, कारण किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस शेजारी शेजारीच आहेत. बूस्ट केलं की दोघांचा चिखल होतो. मिनिटाला 120 ठोके धरले तर चार ठोक्यांचं एक आवर्तन दोन सेकंदांचं आणि सोळा आवर्तनं 32 सेकंदांची. तेवढा वेळ फक्त हॅट ऐका, पुढची 32 सेकंदं फक्त बेस आणि मग गाणं. सुरुवात ‘कॅन यू फील इट’ने करू नका. ते इतकं परिचयाचं झालंय की कान मध्येच झोपतो. आधी ‘मिस्टरीज ऑफ लव्ह’ लावा.

जुनी तबकडी विकत घेणार असाल तर दिव्याखाली तिरकी धरा. खाचांमध्ये करडट, दाणेदार पट्टा दिसला तर तिथं खाच भरलेली नाही. ती धुऊन सुधारणार नाही, विक्रेता काहीही म्हणो. बाकी धूळ आणि बोटांचे ठसे निघतात, त्यांना घाबरू नका.