यकृतातली शिल्लक

पॅरिस, १८५५. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार एका कुत्र्याचं यकृत पाण्याच्या धारेनं धुतोय. चांगली ४० मिनिटं. शेवटी बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस राहत नाही. यकृत तसंच ठेवून तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी बघतो, तर त्यात पुन्हा साखर! अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही. मग ही आली कुठून?

१८५७ मध्ये त्यानंच तो पदार्थ वेगळा काढला. ग्लायकोजेन. ग्लुकोजच्या हजारो कणांची गुंफण.

भरपेट जेवणानंतर यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅम असतो. एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज संपवतो, हे लक्षात घेतलं तर किती थोडा! स्नायूंत याच्या कितीतरी पट ग्लायकोजेन असतं, पण त्यातलं ग्लुकोज रक्तात सोडायला लागणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नाही. रात्रभराची भिस्त यकृतावरच.

पोट रिकामं झालं की रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन ओसरतं, ती चढवणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि साठा फुटू लागतो. दिवसभराच्या कडक उपासात तो जवळजवळ तळाला जातो. मात्र त्याआधीच यकृतानं स्नायूंकडून येणारं लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं यांपासून नवं ग्लुकोज घडवायला घेतलेलं असतं.

अचानक भीती वाटली, तर मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथींतून येणारं ॲड्रेनलिन हे संप्रेरक हाच साठा घाईघाईनं उघडतं.

आणि त्याच ग्रंथींच्या बाहेरच्या थरातून येणारं, ‘ताणाचं संप्रेरक’ म्हणून ओळखलं जाणारं कॉर्टिसॉल? त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्याची बदनामीच फार झाली आहे. ॲड्रेनल ग्रंथी काढलेल्या उंदरांना उपाशी ठेवलं, तर त्यांच्या यकृतातलं ग्लायकोजेन झपाट्यानं संपतं. १९४० च्या सुमारास अशा उंदरांना त्या ग्रंथीच्या बाहेरच्या थराचा अर्क दिला गेला, आणि उपाशीपोटीच साठा भरू लागला! कॉर्टिसॉल स्नायूंमधली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं यकृताकडे धाडतं. त्यांतून झालेलं काही ग्लुकोज रक्तात जातं, काही पुन्हा ग्लायकोजेन होऊन राहतं. पुढच्या संकटात ॲड्रेनलिनच्या हाती काही लागावं, एवढी तजवीज. झीज मात्र स्नायूंची.

मधुमेह असलेली माणसं कधी कधी सकाळचा रिपोर्ट बघून खचतात. रात्री खाल्लं नाही, गोळी चुकवली नाही, तरी साखर वाढलेली. घरचेही संशयानं बघतात. ती साखर चोरून खाल्लेली नसते. पहाटे कॉर्टिसॉल चढतं, यकृत ग्लुकोज सोडत राहतं, आणि त्याला आवरायला इन्सुलिन अपुरं पडतं.