देव कौल लावतो तेव्हा

मंडळी, गोव्यातल्या या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, उभं राहून कौल म्हणजे काय ते सांगणं हे मासळीवालीला बांगडा ओळखायला शिकवण्यासारखं आहे. तरी सांगतो, कारण आजचा विषय, म्हणजे देवाचा माणसावरचा विश्वास, तिथूनच सुरू होतो.

कौल म्हणजे देवाकडे मागितलेलं होय-नाहीचं उत्तर. पिटकोळीच्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर उजवा प्रसाद, म्हणजे होकार; डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. पाणी जास्त झालं तर पाकळ्या घसरतात, कमी झालं तर बराच वेळ हलत नाहीत. पंखा चालू असेल तर तो कौल पंख्याचा. आणि प्रश्न एकच हवा. 'मुलाला दुबईला पाठवू का आणि भाट, म्हणजे माडांची बाग, विकू का' असं जोडून विचारलं, तर उजवी पडली ती नेमकी कशासाठी?

माझी खरी तक्रार पुढची आहे. डावा पडला की लोक प्रश्न फिरवतात. यंदा नको, तर पुढच्या वर्षी? हा एजंट नको, तर दुसरा? तिसऱ्या खेपेला पाकळी उजवीकडून सुटते. देव कंटाळला की पाणी सुकलं, कोण जाणे! निर्णय घरूनच झालेला असतो, कमी पडते ती छाती. देव होय किंवा नाही एवढंच सांगतो. व्हिसाच्या रांगेत उभं आपणच राहायचं. हे तुला जमेल, असं त्याला वाटतं म्हणूनच ना?

१५६० च्या दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पोर्तुगिजांच्या भीतीनं जुवारी नदी ओलांडून इकडे आले, तेही घाबरलेल्या माणसांच्याच भरवशावर. यावर खरं तर तासभर... बरं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं.

तर गीता. पहिल्या अध्यायाच्या ४७व्या श्लोकात अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात बसतो. ते धनुष्य कृष्ण उचलून त्याच्या हातात देत नाही. अठराव्यात तो दटावतो जरूर: नाही म्हणालास तरी तुझा स्वभावच तुला लढायला लावील, श्लोक ५९ आणि ६०. पण ६३व्यात काय म्हणतो? 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.' सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर. हात थरथरणाऱ्या माणसाला, दोन सैन्यांच्या मधोमध! ६६व्यात 'मामेकं शरणं व्रज', मला एकट्याला शरण ये, असं येतं, ठाऊक आहे मला, पण त्यानं ६३वा पुसला जात नाही. कारण ७२व्यात कृष्ण पुन्हा विचारतो, एकाग्र मनानं ऐकलंस ना? तुझा मोह गेला ना? आणि गप्प राहतो. एरवी पाकळीकडे डोळे लावून आपण बसतो. इथे देव बसलाय.

७३व्यात अर्जुन म्हणतो, 'करिष्ये वचनं तव', तू सांगतोस तसं करीन. उजवा प्रसाद.

सभागृहाची चावी आठला परत द्यायची आहे. ६६व्या श्लोकावरून भांडायचं असेल त्यांनी बाहेर चहाच्या टेबलाशी यावं.