समृद्धीवर 180 मारली म्हणजे रेकॉर्ड होत नाही भाऊ!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत वेगाचा रेकॉर्ड करणाऱ्या बाइकवाल्या बर्ट मन्रोचं नाव काय घेतलं, कमेंटमध्ये लाइनच लागली. एक जण म्हणते, "दादा, समृद्धीवर 180 मारली, रेकॉर्ड कुठं नोंदवू?" अरे बाबा, तिथं लिमिट 120 आहे. नोंद होईल, पण चालानची.

वेगाचा रेकॉर्ड कसा मोजतात, ते बेसिक पटकन उरकतो. एक मैल किंवा एक किलोमीटर पट्टा मोजलेला असते, त्याच्या अलीकडे स्पीड धरायला आणि पलीकडे थांबायला लांबलचक सपाट जागा, आणि वेळ ट्रॅकवरच्या टायमिंग यंत्रावर धरतात, गाडीच्या मीटरवर नाही. झालं.

आता जे कोणीच ऐकून घेत नाही ते सांगतो. परत यावं लागते! आपल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी एकाच बाजूनं सुटते, घड्याळ थांबलं की निकाल. इथं तीच जोडी उलट्या बाजूनंही पळवून दाखवावी लागते, जागतिक रेकॉर्ड असला तर कारला एका तासाच्या आत. मग दोन्हीची सरासरी.

काऊन? वारा. माझ्या मामेभावानं उन्हाळ्यात रिकाम्या रोडवर मोबाइलचं ॲप लावून बाइक पळवली, जाताना आकडा पाहून असा फुगला का विचारू नका, येताना समोरून वारा, तोंड एवढंसं झालं. रोडला उतार असला तरी तेच.

तरी लोक लिहूनच राहिले की "पण एका बाजूनं तर गेली ना!" बरं, थ्रस्ट एसएससी नावाची कार घ्या. 13 ऑक्टोबर 1997, अमेरिकेतलं ब्लॅक रॉक वाळवंट, तिचा ड्रायव्हर अँडी ग्रीननं दोन्ही बाजूंनी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गाडी नेली, पण परतीच्या रनला मिनिटभर उशीर झाला. रेकॉर्ड नाही! दोन दिवसांनी, 15 तारखेला पुन्हा केलं तेव्हा ताशी 1,228 किलोमीटरची नोंद झाली, ती आजही कायम आहे.

आणि आपला मन्रो, न्यूझीलंडचा म्हातारा, 1920 ची इंडियन स्काउट बाइक, पिस्टन घरीच ओतायचा. 1967 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एका बाजूनं ताशी 190 मैल काढले, पण रेकॉर्ड लागला सरासरीचा, 183.586. मजा पुढं आहे, ही सरासरी काढतानाच चूक झाली होती, ती त्याच्या पोराच्या लक्षात आली आणि 2014 मध्ये आकडा 184.087 केला. माणूस 1978 मध्येच वारला होता.

पाण्यावर तर परतीचा रन जिवावर येते. डोनाल्ड कॅम्पबेल, 4 जानेवारी 1967, इंग्लंडचा कॉनिस्टन तलाव. जाताना ताशी 297 मैल झाले, सरासरी 300 च्या वर पाहिजे होती, आणि आपल्याच बोटीच्या लाटा पुरत्या शांत व्हायच्या आत माणूस परत निघाला. बोटीचं नाक उचललं, बोट उलटली, गेला बिचारा. लाटांशिवाय दुसरीही कारणं सांगतात, त्यावर भांडण चालूच आहे, कमेंटमध्ये तरी भांडू नका.

"साध्या माणसाचं काम नाही हे" म्हणणाऱ्यांसाठी केन वॉर्बी. सिडनीत घराच्या अंगणात लाकडाची बोट बांधली, जेट इंजिन लष्कराच्या भंगारातलं, आणि 8 ऑक्टोबर 1978 ला ब्लोअरिंग धरणावर ताशी 511 किलोमीटर. अजून कोणी मोडला नाही.

आता गोसीखुर्द धरणाकडच्या भाऊंचा प्रश्न, "बॅकवॉटरमध्ये जमेल का?" बुडालेल्या झाडांची खोडं कुठं आहेत ते आधी मासे धरणाऱ्यांना विचारा. आणि काळ्या मातीवर कार पळवायची म्हणणाऱ्या भाऊ, मे महिन्यात त्या भेगांत आमच्या बकरीचा पाय अडकते, तुमचं टायर काय टिकणार!