कमी कर्बोदकांच्या आहारात प्रथिनांचा आणि उष्मांकांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. पोळी, भात, बटाटा आणि साखर कमी करून वजन उतरवण्याचा आहार मुंबईत आता घरोघरी ओळखीचा झाला आहे. ताटातून काय काढायचे हे बहुतेकांना पाठ असते; ताटात काय आणि किती यायला हवे, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. भात गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि दुपारी चारच्या सुमारास वडापावच्या गाडीपाशी सगळा निश्चय गळून पडतो. म्हणून आज हा हिशेब आपण आकड्यांनिशी करू.

असे समजू की दादरला राहणाऱ्या, 45 वर्षांच्या एका भगिनींची उंची 155 सेंटिमीटर आणि वजन 68 किलो आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जॉर सूत्रानुसार किलोतील वजनाला 10 ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला 6.25 ने गुणून बेरीज करावी, त्यातून वयाची पाचपट वजा करावी आणि स्त्रियांनी आणखी 161 वजा करावेत. पुरुषांनी त्याऐवजी 5 मिळवावेत. या भगिनींचे उत्तर येते सुमारे 1263. शरीर पूर्ण विश्रांतीत असतानाही दिवसभरात एवढे उष्मांक, म्हणजे कॅलरी, खर्च होतात. हालचाल अगदी बैठी असेल तर या आकड्याला 1.2 ने, थोडीफार असेल तर 1.375 ने गुणतात. इथे आपण स्वतःला झुकते माप देतो. लोकलमध्ये तासभर उभे राहण्याचा थकवा खरा असतो, पण त्यात खर्च होणारे उष्मांक मोजकेच असतात, त्यामुळे शंका असेल तेव्हा लहान आकडा धरावा. या भगिनी घरकाम करतात आणि रोज चालतात, म्हणून 1.375 धरू, गरज निघते साधारण 1735. त्यातून 400 वजा केले की 1335 उरतात आणि वजन सावकाश उतरू लागते.

आता प्रथिने, आणि माझ्या मते सगळ्या हिशेबात आधी पक्का करायचा आकडा हाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली सुचवलेले प्रमाण किलोमागे 0.83 ग्रॅम असे आहे, परंतु वजन उतरत असताना स्नायू टिकवायचे तर 1.2 ते 1.6 ग्रॅम धरणे योग्य. मात्र हे किलो आजच्या वाढलेल्या वजनाचे धरू नयेत, उंचीला साजेशा वजनाचे धरावेत. 155 सेंटिमीटर उंचीला साधारण 55 किलोपर्यंतचे वजन योग्य मानले जाते, म्हणून 55 गुणिले 1.2, म्हणजे 66 ग्रॅम प्रथिने. एका ग्रॅमला 4 प्रमाणे त्यांचे उष्मांक 264. कर्बोदके 100 ग्रॅम ठेवली तर 400. उरलेले 671 उष्मांक स्निग्ध पदार्थांचे. त्यांच्या एका ग्रॅममध्ये 9 उष्मांक असल्याने ते सुमारे 75 ग्रॅम भरतात.

मासे-अंडी खाणाऱ्यांना 66 ग्रॅम गाठणे सोपे जाते. एका अंड्यात 6 ग्रॅम, तर बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात 19 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मात्र कोळणीकडून घेतलेल्या बांगड्याचे डोके, पोटातली घाण आणि काटे यांचे वजन यात धरायचे नाही. खरी कसोटी शाकाहारी घरात लागते. आपण डाळीला प्रथिनांचे आगर समजतो, पण वरणाच्या एका वाटीत कच्ची डाळ जेमतेम 30 ग्रॅम असते, म्हणजे प्रथिने 6 ते 7 ग्रॅम आणि कर्बोदके त्याच्या दुपटीहून अधिक. केवळ वरणावर 66 ग्रॅम गाठू पाहणाऱ्याची कर्बोदके दीडशेच्या वर जातात. त्याऐवजी 100 ग्रॅम पनीर, 30 ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे, दोन वाट्या वरण, 200 ग्रॅम दही, दोन लहान पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे असे दिवसभरात विभागले, तर प्रथिने पुरी होतात आणि पालेभाज्या धरून कर्बोदके शंभराच्या थोडीच वर राहतात. तेलाचे मात्र माप ठेवावे. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 उष्मांक असतात आणि फोडणी देताना हात जरा सैल सुटला की जमवलेली तूट तिथेच भरून निघते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदके कमी करू नयेत, कारण साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात या आहाराने आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा हिशेब स्वतःला लावू नये.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यात बरेचसे पाणी असते; यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपताना तिच्याबरोबरचे पाणीही जाते. म्हणून त्या आठवड्यावरून उष्मांक बदलू नयेत, महिनाभराचा कल पाहावा. आपल्या या भगिनींचे वजन 60 किलोवर आले की त्यांची रोजची गरज 110 उष्मांकांनी घटेल आणि तो आकडा नव्याने काढावा लागेल. प्रथिनांचे 66 ग्रॅम उंचीवरून ठरवलेले असल्याने तेच राहतील.